फळ्यांखालचा पावसाळा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पाचगणीतल्या एका जुन्या बंगल्यात शाळेचे वसतिगृह आहे. बंगल्याचे नाव सांगत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका खोलीत रात्री लोखंडी कॉटचा पाय जमिनीत घुसला. कॉट कलंडली आणि झोपलेला मुलगा खाली आला. थोडे खरचटले, फार काही झाले नाही. सकाळी मला फोन आला. मी घरदुरुस्तीची कामे करणारा इंजिनिअर. आयुष्यातली बरीच वर्षे वाई, पाचगणी, महाबळेश्वर या पट्ट्यात गेली आहेत.

मी पोचलो तेव्हा सगळे जण वर, छताकडे बघत होते. पाणी वरूनच गळत असणार, अशी प्रत्येकाची खात्री. पण छत आदल्याच वर्षी बदललेले होते आणि कोरडे ठणठणीत होते. मग मी खोलीतले लिनोलियम गुंडाळायला लावले. खालच्या सागवानी फळ्या वरून चांगल्या दिसत होत्या. त्यातली एक उचकटली तर तिची खालची बाजू काळी पडलेली. फळ्या ज्या तुळयांवर बसवल्या होत्या, त्यातली एक तुळई बोटाने दाबली तर चहात बुडवलेल्या टोस्टसारखी तुटून हातात आली. खालून असा कुबट वास आला की शेजारी उभे असलेले माळीबुवा दोन पावले मागे सरले.

आता जे सांगायचे ते थोडे अवघड आहे. दोन वर्षांपूर्वी, २०१५ साली, त्या बंगल्याच्या जोत्यातले झरोके बुजवा असा सल्ला मीच दिला होता.

ज्यांनी असे बंगले पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी रचना सांगतो. जोते दोन-अडीच फूट उंच असते. त्यावर लाकडी तुळया आडव्या टाकून त्यांवर फळ्या ठोकलेल्या असतात. म्हणजे आपण चालतो त्या फळ्या आणि खालची माती यांच्यामध्ये एक अंधारी पोकळी असते. माणूस त्यात रांगतच जाऊ शकतो. जोत्याच्या चारी बाजूंना हातभर रुंदीचे झरोके ठेवलेले असतात, एका बाजूने वारा शिरून दुसऱ्या बाजूने जावा म्हणून. इंग्रजांना पाचगणी हवी होती तीच मुळी पावसाळ्यासाठी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे पावसाळ्यात राहणे कठीण. पाचगणी तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर, पण सह्याद्रीच्या धारेच्या पूर्वेला, म्हणून पाऊस निम्म्याहूनही कमी. जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर इथे वस्ती उभी केली. पुढे शाळा आल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आले, आणि ‘पाचगणीची हवा कोरडी’ ही ख्याती पसरली. ती महाबळेश्वरच्या तुलनेत खरी आहे. पण जुलै महिन्यात फळ्यांखाली डोके घालून बघितले, तर ती तशीच्या तशी खरी मानता येत नाही.

तर झरोके मी का बुजवायला सांगितले? त्यातून उंदीर येत, एकदा साप आला होता, आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर पावसाची झड थेट आत जात होती. मला वाटले, भोके बंद केली की पाणी बंद. त्याच सुमारास शाळेने पुसायला सोपे जावे म्हणून फळ्यांवर लिनोलियम अंथरले. दोन्ही गोष्टी शहाणपणाच्याच वाटत होत्या. त्या दोन्हींनी मिळून ती जमीन दोन पावसाळ्यांत खाल्ली.

कसे, ते मला स्ट्रॉबेरीच्या शेतात समजले. म्हणजे पुस्तकात वाचले होते, पण डोळ्यांनी पाहिले तिथे. आमच्या भागात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरतात, मल्चिंग म्हणतात त्याला. हिवाळ्यात सकाळी लवकर एखाद्या वाफ्याचा कागद कडेने उचलून बघा. खालच्या अंगाला टपोऱ्या थेंबांची रांग लागलेली असते. पाऊस नाही, ठिबक बंद, तरी थेंब आहेत. ते मातीतून वर आलेले पाणी. माती वरून कोरडी दिसली तरी तिच्यातून वाफ सतत वर येत असते. आपल्याला ती दिसत नाही, कारण मोकळ्या शेतात ती हवेत निघून जाते. कागद घातला की ती अडते आणि दिसते.

बंगल्याखालची मातीही हेच करत असते. अमेरिकेत १९४० च्या दशकात यावर काम झाले, तेव्हाचा एक आकडा अजून सांगितला जातो : हजार चौरस फूट ओल्या, उघड्या जमिनीतून दिवसाला चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी वाफ होऊन वर येऊ शकते. म्हणजे रोज दोन-तीन घागरी पाणी कुणी फळ्यांखाली ओतावे तसे. आम्ही झरोके बंद केल्यावर ती वाफ पोकळीत कोंडली. फळ्यांच्या फटींतून थोडीफार खोलीत जात होती, तिला लिनोलियमने अडवले. मग ती लाकडात बसली. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत ओलावा असेल तोवर बुरशी त्याच्या वाटेला जात नाही. त्याच्या वर गेला आणि तिथेच टिकला, की ती लाकूड खाऊ लागते. पाठोपाठ वाळवी येते, कारण तिलाही ओलेच लाकूड आवडते.

गंमत म्हणा की दैवाचा खेळ, लिनोलियम काय आणि स्ट्रॉबेरीचा कागद काय, दोघांचा गुण एकच, वाफ अडवणे. आम्ही अडवणारी वस्तू लाकडाच्या वरच्या बाजूला घातली. ती खाली, मातीवर हवी होती.

यावर तुम्ही म्हणाल, मग झरोके पुन्हा उघडा, प्रश्न संपला. मीही आधी तेच केले असते. पण त्याचे एक गणित आहे. हवा जितकी गरम तितकी ती जास्त वाफ धरते. वीस अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे सतरा ग्रॅम पाणी मावते, तीस अंशांच्या हवेत तीस ग्रॅम. आता जूनचा पहिला आठवडा घ्या. बाहेरची हवा समजा सव्वीस अंशांची, दमट, एका घनमीटरात एकोणीस-वीस ग्रॅम पाणी घेऊन झरोक्यातून आत शिरली. फळ्यांखालची सावली आणि माती वीस-एकवीस अंशांची. तिथे हवा थंड होते आणि जास्तीचे पाणी दगडावर, लाकडावर सोडून देते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसेच. जुलै-ऑगस्टमध्ये तर बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. ओल्या फडक्याने ताट पुसून ते कोरडे कसे होणार? झरोके खरे काम करतात ते दसऱ्यानंतर, उत्तरेचा कोरडा वारा सुटला की.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात उन्हाळा असाच दमट असतो. तिथे प्रिन्सव्हिल नावाच्या गावात २००१ पासून ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने बारा घरांच्या खालच्या पोकळ्या मोजत राहून पाहणी केली. झरोके उघडे असलेल्या पोकळ्यांपेक्षा जमीन नीट झाकून सगळीकडून बंद केलेल्या पोकळ्या कोरड्या राहिल्या. शंभर वर्षे लोक ‘भोके ठेवा’ म्हणत होते, त्यांना हा धक्काच होता. मात्र हे ऐकून लगेच सिमेंट घेऊन झरोके लिंपायला जाऊ नका. त्यांनी आधी माती झाकली होती. मी ती झाकली नव्हती.

पूर्वी आपल्याकडे एवढे कुणी का पाहिले नाही? एक कारण मला वाटते ते चुलीचे. शेणाने सारवलेल्या जमिनीतूनही वाफ वर येतच होती. पण ती मोकळी वर येत होती, आणि घरात दिवसभर चूल पेटती असे, तिची ऊब जमीन, भिंती, वासे सगळे सुकवत असे. बंगल्यांत शेकोट्या होत्या, पावसाळाभर जळत. आज बंगले जूनमध्ये कुलूप लागून सप्टेंबरात उघडतात, किंवा मुले राहत असली तरी शेकोटीचे धुराडे केव्हाच बुजवलेले असते.

प्लॅस्टिक घालण्याआधी मात्र वाहते पाणी पाहिले पाहिजे. पाचगणीची जमीन विचित्र आहे. वर टेबललँडचा जांभा दगड, भोकाभोकांचा. पावसाचे पाणी तो गाळणीसारखे खाली जाऊ देतो. जांभ्याच्या खाली चिकण मातीसारखा थर लागतो, तिथे पाणी थबकते आणि उताराने आडवे सरकत कुठेतरी बाहेर फुटते. म्हणून उतारावरच्या काही बंगल्यांखाली पाऊस थांबल्यावरही दिवाळीपर्यंत झरा पाझरत असतो. अशा पाण्यावर प्लॅस्टिक अंथरले तर खाली डबके आणि वर डास, एवढेच होईल. आमच्या वसतिगृहाच्या मागे, डोंगराच्या अंगाला, आम्ही आधी दोन फूट खोल चर काढला, त्यात खडी भरली आणि पाणी बाजूने ओढ्याकडे काढून दिले. पन्हळीचे पाणी जोत्यापाशी पडत होते, तेही लांब नेले. खरे सांगायचे तर निम्मे काम इथेच झाले.

मग आत शिरलो. पहिल्याच दिवशी दोन ट्रॅक्टर राडारोडा निघाला : फुटकी कौले, जुन्या फळ्यांचे तुकडे, क्रिकेटचे चेंडू, एक पितळी घंटा. लाकडाचा एकही तुकडा खाली ठेवू नये, तो वाळवीला दिलेले आमंत्रण असतो. आत जाताना मेन स्विच बंद करायचा, बॅटरीचा दिवा घ्यायचा, गमबूट आणि जाड हातमोजे घालायचे, आणि बाहेर एक माणूस बसवायचा. जुन्या वायरींचे उघडे जोड आणि साप, दोन्ही मी त्या अंधारात पाहिलेले आहेत.

कागद निवडताना स्ट्रॉबेरीचा घेऊ नका. तो पंचवीस-तीस मायक्रॉनचा असतो, गुडघा टेकला की फाटतो. निदान दीडशे मायक्रॉन हवा, आम्ही अडीचशेचा घेतला. शेततळ्याचा पाचशेचा उरलेला तुकडा कुणाकडे असेल तर उत्तमच, फक्त वळवायला त्रास होतो. पट्ट्या एकमेकांवर फूटभर चढवायच्या, जोड चिकटपट्टीने बंद करायचा, भिंतीपाशी सहा इंच वर वळवून चिकटवायचा, खांबाभोवती कापून नीट बसवायचा, आणि वर ठिकठिकाणी विटा ठेवायच्या. तुळयांना मात्र प्लॅस्टिक कधीही गुंडाळायचे नाही. लाकूड वरून-खालून उघडे राहिले पाहिजे. लिनोलियम आम्ही कायमचे काढले, मुले आता सतरंज्या घालतात.

झरोके पुन्हा उघडले, त्यांना बारीक जाळी बसवली आणि पश्चिमेच्या बाजूला लाकडी झापा. जमीन झाकलेली असली की थोडे झरोकेही पुरतात. अमेरिकेतला नियमच असा आहे : उघड्या मातीवर दीडशे चौरस फुटांना एक चौरस फूट झरोका, झाकलेल्या मातीवर पंधराशेला एक. जोराच्या पावसात माळीबुवा पश्चिमेच्या झापा लावतात, दसऱ्याला सगळ्या उघडतात. ही माझी पद्धत आहे, दुसरा कुणी वर्षभर बंदच ठेवा म्हणेल, आणि माती नीट झाकली असेल तर तो चुकीचा ठरणार नाही.

तुमच्या घराला अशी पोकळी नसेल, पण तळमजल्याच्या भिंतीचे पोपडे निघत असतील, तर एक साधी तपासणी करा. फूटभर प्लॅस्टिकचा चौकोन फरशीवर किंवा मातीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस थांबा. थेंब खालच्या बाजूला आले तर ओल जमिनीतून येते आहे, वरच्या बाजूला आले तर हवेतून. त्याआधी महागडा वॉटरप्रूफ रंग लावू नका. पाणी खालून येत असेल तर रंगामागे अडून ते भिंतीत आणखी वर चढते. ओलसर, बुरशी लागलेल्या खोल्यांचा दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे काढून सांगितले आहे. मुले झोपतात त्या खोलीबाबत तरी हे ध्यानात ठेवावे.

वसतिगृहाचे काम २०१८ च्या मे महिन्यात पुरे झाले. कुजलेल्या तुळया बदलल्या, त्यांचा खर्च प्लॅस्टिकच्या कितीतरी पट झाला. जुलैच्या अखेरीस, धो धो पाऊस चालू असताना, मी पुन्हा खाली गेलो. या वेळी माळीबुवाही आले. ‘‘सायब, ह्या अंधारात आजवर कोण गेलंय?’’ असे म्हणत म्हणतच आले. कागदाचा एक कोपरा सोडवून उचलला तर खालून पाणी ओघळत होते. वरच्या बाजूला मात्र मे महिन्यातल्या सुतारकामाचा भुसा पडला होता. माळीबुवांनी त्यात बोट फिरवले आणि बॅटरीच्या उजेडात माझ्यासमोर धरले. भुसा कोरडा होता.