पेप्टाइड सीरम घेण्यापूर्वी...

औषधांच्या दुकानात सीरमच्या बाटल्यांवर हल्ली ‘पेप्टाइड’ हा शब्द ठळक दिसतो. सोबत ‘इंजेक्शनशिवाय सुरकुत्या गायब’ असे दावेही असतात. पैसे मोजण्यापूर्वी पेप्टाइड त्वचेत काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेतलेले बरे.

अमिनो आम्लांच्या लांबलचक साखळ्यांपासून प्रथिने बनतात. त्याच अमिनो आम्लांची आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन हे प्रथिनच. वय आणि ऊन यांमुळे ते तुटते, तेव्हा त्याचे काही तुकडे पेशींना दुरुस्तीचा निरोप देतात. हाच निरोप बाहेरून पोहोचवायचा, ही पेप्टाइड क्रीममागची कल्पना.

अडचण आहे ती आत शिरण्याची. बाहेरचे पदार्थ अडवणे हेच त्वचेच्या वरच्या थराचे काम. 51 अमिनो आम्लांचे इन्सुलिन मलमासारखे चोळून चालत नाही, सहसा टोचूनच घ्यावे लागते. कोलॅजेन तर त्याहून कितीतरी मोठे. त्यामुळे कोलॅजेनचे क्रीम वरवर ओलावा देते, इतकेच. प्रसाधनांत म्हणूनच तीन ते सहा अमिनो आम्लांची पेप्टाइड अधिक वापरतात. काहींना स्निग्ध आम्ल जोडलेले असते. नावातील ‘पाल्मिटॉइल’ ही त्याची खूण.

उपयोग होतो का? 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 35 ते 55 वयाच्या 93 महिलांनी चेहऱ्याच्या एका बाजूला साधे मॉइश्चरायझर, तर दुसऱ्या बाजूला त्यातच पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड मिसळून 12 आठवडे लावले. पेप्टाइडच्या बाजूला सुरकुत्या आणि बारीक रेषा कमी झाल्या. पण त्या नाहीशा झाल्या नाहीत. शिवाय ही चाचणी प्रसाधने बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांची होती.

त्या क्रीममध्ये पेप्टाइडचे प्रमाण होते दहा लाख भागांत फक्त 3 भाग. घटकांच्या यादीत पेप्टाइड तळाशी दिसले म्हणून उत्पादन बनावट ठरत नाही. मात्र नुसते नाव वाचून ते पुरेसे आहे की नावापुरते, हेही कळत नाही. ‘दहा पेप्टाइड’ असलेली महागडी बाटली अधिक गुणकारी असेलच असे नाही.

वापर सोपा आहे. चेहरा धुऊन किंचित ओलसर असताना सीरम लावावे, वर मॉइश्चरायझर. रेटिनॉलने जळजळ होणाऱ्यांना पेप्टाइड बहुधा सोसते. तांबेयुक्त पेप्टाइड आणि ‘क’ जीवनसत्त्वाचे सीरम एकाच वेळी लावू नये; तांब्यामुळे हे जीवनसत्त्व लवकर निकामी होते. एक सकाळी, दुसरे रात्री लावावे. सुरुवातीला काही दिवस कोपराच्या आतील बाजूला लावून पाहावे. खाज किंवा लाली आल्यास थांबावे. परिणाम जोखायला तीन महिने द्यावेत. ‘पेप्टाइडची इंजेक्शने’ हा सर्वस्वी वेगळा विषय असून, डॉक्टरांशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

ऊन कोलॅजेन तोडत असताना रात्रीच्या सीरमने ते भरून निघत नाही. ऑस्ट्रेलियात 900 हून अधिक प्रौढांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मर्जीनुसार लावणाऱ्यांच्या तुलनेत साडेचार वर्षांत 24 टक्के कमी वयस्कर झाली. महिन्याच्या खर्चात एकच बाटली बसत असेल, तर ती सनस्क्रीनची घ्यावी.