एकच माल, साठ वर्षे बाजारात : 'किंग एअर' विमानाचा धडा

चंद्रपूरहून नागपूरच्या वाटेवर मोरव्याला विमानाची लहान धावपट्टी आहे. मोठे प्रवासी विमान तिथे उतरू शकत नाही. अशा लहान धावपट्ट्या जगभर आहेत आणि त्यांच्याच भरवशावर एका मालाने साठ वर्षे बाजार राखला. तो माल म्हणजे अमेरिकेच्या बीचक्राफ्ट कंपनीचे 'किंग एअर' विमान. आजवर त्याचे सात हजारांहून अधिक नग विकले गेले. व्यापारी बांधवांनी त्याचा हिशेब जरूर पाहावा.

या कंपनीकडे 'क्वीन एअर' नावाचे पेट्रोल इंजिनाचे विमान आधीपासून होते. कंपनीने नवा घाट घातला नाही. त्याच बांध्यावर दोन टर्बोप्रॉप इंजिने बसवली. या इंजिनात जेट विमानासारखेच रॉकेलच्या जातीचे इंधन जळते, पण त्या ताकदीवर पंखा फिरतो. त्यामुळे कमी अंतरात उड्डाण होते आणि जेटपेक्षा इंधन कमी लागते. १९६४ साली 'मॉडेल ९०' बाजारात आले. त्याच वर्षी लियरजेट हे छोटे जेटही ग्राहकांच्या हाती पडू लागले. जेटचा वेग जास्त, रुबाबही जास्त. तरी किंग एअर मागे हटले नाही.

पुढे गिऱ्हाइकाची गरज पाहून माप बदलत गेले. १९६९ मध्ये अधिक लांबीचे 'मॉडेल १००' आले. १९७१ मध्ये 'सी ९०' आले. १९७४ पासून 'मॉडेल २००' मिळू लागले. त्याची शेपटी इंग्रजी 'टी' अक्षरासारखी. १९९० मध्ये 'मॉडेल ३५०' आले. पहिल्या विमानाची लांबी सुमारे ३५ फूट, ३५० ची ४६ फूट. इंजिनाची ताकद ५०० अश्वशक्तीवरून १,०५० वर गेली, पण इंजिनाचे घराणे तेच राहिले, कॅनडात बनणारे 'पीटी ६'. २०२० मध्ये आलेल्या '२६०' आणि '३६०' मध्येही तेच आहे.

मालाचे नाव मोठे म्हणून गाफील मात्र राहू नये. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे यांचे विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ कोसळले, ते 'सी ९०' च होते.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. आरमोरीचा कोसा आमच्या डोळ्यांसमोर आहे. रेडीमेडच्या लाटेत मुले म्हणतात, हे जुने काम सोडा. आमचे म्हणणे असे की, धागा सोडू नका, माप बदला. साडीबरोबर दुपट्टा विणा, शर्टाचे कापड विणा. गिऱ्हाईक काय मागते ते नीट ऐका. हुनर तोच ठेवून त्यात दरसाल थोडी सुधारणा करा. बरकत देणारा अल्लाह आहे, मेहनत आपली हवी.