विश्लेषण : सबवूफर घेतला, तरी गाणं गढूळ का वाटतं? ‘अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर’चं काम समजून घ्या

दहा बाय बाराचा हॉल. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर आणि कोपऱ्यात नवाकोरा सबवूफर. पहिल्या दिवशी सिनेमा लावून घरातले सगळे खूश. मग रविवारी सकाळी ख्यालाचं रेकॉर्डिंग लागतं आणि डग्गा मडक्यात वाजवल्यासारखा घुमतो, गायकाचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटतो. सबवूफरचा आवाज कमी केला जातो, पुढच्या आठवड्यात आणखी कमी आणि महिन्याभरात त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी येते.

बहुतेक वेळा यात सबवूफरचा दोष नसतो. त्याच्यात आणि मुख्य स्पीकरमध्ये कामाची वाटणीच झालेली नसते. ही वाटणी करणारं यंत्र म्हणजे अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर. गणपतीच्या मांडवात ‘टॉप’ आणि ‘बेस’ वेगळे लावणारे साउंडवाले ते वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. घरच्या स्टीरिओत मात्र ते अजून अनोळखीच आहे.

नेमकं बिघडतं कुठे?

अनेक स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरना मागे ‘सब-आऊट’ असतं. तिथे वायर जोडली की काम झालं, असा समज असतो. पण यातल्या बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सब जोडल्यावरही मुख्य स्पीकरकडे पूर्वीसारखा सगळाच आवाज जात राहतो. समजा, तुमचे स्पीकर ५५ हर्ट्झपर्यंत खाली उतरतात आणि सबवूफरवरचं बटण तुम्ही ८० वर ठेवलं. आता ५५ ते ८० आणि त्याच्या थोडं वरचेही सूर दोघंही वाजवतात. दोन्ही लहरी एकाच तालात आल्या तर आवाज ६ डेसिबलपर्यंत फुगतो, उलट आल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. एक सूर ढोलासारखा आणि शेजारचा सूर गायब, असं होतं ते यामुळे.

तानपुरा घ्या. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला धरला, तर जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला असतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. ८० हर्ट्झला वाटणी केली की खर्जाचा मूळ स्वर मुख्यतः सबवूफरमधून येणार आणि त्याच तारेचे वरचे सगळे नाद मुख्य स्पीकरमधून. एकाच तारेचा आवाज दोन खोक्यांत वाटला गेला. कानाला ती पुन्हा एकच तार वाटली पाहिजे. सगळी कसरत एवढ्यासाठी आहे.

‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे काय?

स्पीकरच्या खोक्यात आत एक क्रॉसओव्हर असतोच. तो वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटतो. कॉइल आणि कपॅसिटरचा बनलेला हा ‘पॅसिव्ह’ क्रॉसओव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या नंतर बसतो. हजारो हर्ट्झवर हे सोयीचं आहे, ८० हर्ट्झवर नाही. ८ ओहमच्या स्पीकरसाठी अगदी साधा फिल्टर करायचा तरी सुमारे १६ मिलिहेन्रीची कॉइल आणि २५० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लागतो. म्हणजे तांब्याचा भलामोठा गुंडाळा. त्यातून स्पीकरचा ओहम आकडा प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलतो, त्यामुळे कागदावरचं गणित प्रत्यक्षात हलतं.

अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, नाजूक सिग्नल असतानाच वाटणी करतो. वरचा भाग मुख्य अ‍ॅम्प्लिफायरकडे, खालचा भाग सबवूफरकडे, ज्यात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. व्हॉल्यूमचं बटण मात्र क्रॉसओव्हरच्या आधी हवं, नाहीतर आवाज कमी-जास्त करताना सब आणि स्पीकरचं प्रमाण दर वेळी बिघडेल.

खरेदीआधी अ‍ॅम्प्लिफायरची मागची बाजू बघा. ‘प्री-आऊट’ आणि ‘मेन-इन’ अशी जोडणी असेल तर क्रॉसओव्हर मधे बसवता येतो. ती नसेल, तर आवाज कमी-जास्त करता येईल असा डॅक किंवा वेगळा प्रीअ‍ॅम्प आधी लागेल. होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये ही वाटणी आतच होते. मेन्यूमध्ये स्पीकर ‘लार्ज’ ऐवजी ‘स्मॉल’ निवडायचे, एवढंच. स्पीकर कितीही महागाचे असले तरी ‘स्मॉल’ म्हणताना वाईट वाटून घेऊ नये.

८० हर्ट्झच का?

सिनेमागृहांसाठीच्या ‘टीएचएक्स’ मानकाच्या घरगुती आवृत्तीने हा आकडा रूढ केला. यापेक्षा खालचा आवाज कुठल्या दिशेने येतो हे कानाला सहज कळत नाही, त्यामुळे सब कोपऱ्यात असला तरी चालतो. छोट्या स्पीकरना १०० किंवा १२० लागू शकतं. पण मग सब दोन स्पीकरच्या जवळपास हवा, नाहीतर गायक मधे आणि त्याच्या आवाजाचा भारदस्तपणा डावीकडच्या कोपऱ्यात, असं होतं.

मुख्य स्पीकरलाही याचा फायदा होतो. आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला, की वूफरच्या पडद्याला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. ४० हर्ट्झचं ओझं उतरलं की साडेपाच इंची वूफर मधले सूर मोकळेपणाने वाजवतो. सबवूफरमुळे गायकाचा आवाज स्वच्छ झाला असं कुणी म्हटलं, तर त्यामागे हे कारण असतं.

उतार किती तीव्र ठेवायचा?

क्रॉसओव्हर भिंतीसारखा सरळ कापत नाही, उतार करतो. सगळ्यात जास्त वापरला जाणारा उतार ‘लिंकविट्झ-रायली’ नावाने ओळखला जातो. झीगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघं ह्यूलेट-पॅकार्डमधले इंजिनीअर. लिंकविट्झ यांचा यावरचा निबंध १९७६ मध्ये आला. कल्पना सोपी आहे. वाटणीच्या बिंदूवर दोन्ही बाजू प्रत्येकी ६ डेसिबल खाली, म्हणजे आवाजाचा दाब निम्मा-निम्मा. दोन्ही लहरी एकाच तालात असतील तर अर्धं अधिक अर्धं मिळून बरोबर एक. सप्तकाला २४ डेसिबलच्या उतारात १६० हर्ट्झवर सबचा आवाज सुमारे २५ डेसिबलने उतरलेला असतो.

यात एक फसगत आहे. बंद खोक्याचा स्पीकर स्वतःच खाली सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. मागे नळीचं तोंड असलेला स्पीकर त्याहून वेगाने, २४ ने. कानाला पोहोचतो तो या नैसर्गिक उतारात क्रॉसओव्हरचा उतार मिळवून. त्यामुळे डब्यावर ‘२४’ निवडलं म्हणजे खोलीत २४ मिळालं, असं नाही.

खरी मेख वेळेची

बहुतेक घरांत गाडी अडते ती इथे. ८० हर्ट्झची एक लहर सुमारे ४.३ मीटर लांब असते. समजा, सबवूफर सोफ्याशेजारी, कानापासून एक फुटावर आहे आणि मुख्य स्पीकर आठ फुटांवर. फरक सात फुटांचा, म्हणजे जवळपास अर्धी लहर. क्रॉसओव्हर अगदी अचूक लावला असला, तरी ८० हर्ट्झला दोघं एकमेकांविरुद्ध ढकलतील आणि तिथे खड्डा पडेल. सबला सुमारे ६.२ मिलिसेकंद थांबवलं की खड्डा भरतो. उलट सब दूर असेल, किंवा त्याच्या आतल्या डिजिटल प्रक्रियेत वेळ जात असेल, तर त्याला लवकर वाजवण्याची सोय कुठेच नाही. मग मुख्य स्पीकरना थांबवावं लागतं.

जुन्या अ‍ॅनालॉग क्रॉसओव्हरमध्ये ही थांबवण्याची सोय सहसा नसते. म्हणून नव्याने घेणाऱ्याने डिजिटल, म्हणजे डीएसपी प्रकारचाच घ्यावा. मिनीडीएसपीचा ‘टू बाय फोर एचडी’ हे यातलं ओळखीचं नाव. दोन सिग्नल आत, चार बाहेर आणि प्रत्येकाला वेगळा फिल्टर, वेगळा विलंब. मोजमापासाठी ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, यूएसबी माईक मात्र विकत घ्यावा लागतो.

माईक नसेल तरी एक जुनी युक्ती आहे. आधी टेपने अंतरं मोजून अंदाजे विलंब भरा. मग ८० हर्ट्झचा टेस्ट टोन हळू आवाजात लावा आणि सबचं फेजचं बटण मुद्दाम उलट, १८० वर करा. आता नेहमीच्या जागी बसून विलंब थोडा थोडा बदलत आवाज सगळ्यात कमी कुठे होतो ते शोधा. सापडलं की बटण पुन्हा शून्यावर. सगळ्यात मोठा आवाज शोधण्यापेक्षा सगळ्यात मोठी शांतता शोधणं कानाला सोपं जातं. फोनचा माईक खालचे सूर कमी ऐकतो, पण आधीची आणि नंतरची तुलना करायला पुरेसा आहे.

क्रॉसओव्हरला काय जमत नाही?

खोली बदलणं. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींत अडकून घुमतो. दहा फुटांच्या बाजूला तेच ५६ च्या आसपास होतं. फुगलेला सूर डीएसपीने दाबता येतो. पडलेला खड्डा मात्र आवाज वाढवून भरत नाही, अ‍ॅम्प्लिफायर तेवढा दमतो. त्यापेक्षा सबची जागा बदला. तो तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि स्वतः जमिनीवर रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यात सारखा ऐकू येईल, ती सबची जागा. घरच्यांसमोर थोडं हसू होतं, पण ही पद्धत चालते. दोन छोटे सब समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले, तर सोफ्यावरच्या प्रत्येकाला मिळणारा बेस आणखी सारखा होतो. हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ही मांडणी पुढे आली.

आणि शेजारी?

खालचे सूर भिंतीतून आरपार जातात, ते क्रॉसओव्हर लावूनही थांबत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे मोजमाप ज्या ‘ए’ पट्टीवर होतं, ती ६३ हर्ट्झचा आवाज तब्बल २६ डेसिबलने कमी धरते. म्हणजे मोबाइलवरच्या मीटरचा आकडा अगदी सभ्य असतो आणि पलीकडे मांडणीवरची भांडी वाजत असतात. सबखाली जाड रबर किंवा फोम ठेवला तर जमिनीतून जाणारा कंप थोडा कमी होतो. बाकी रात्री दहानंतर सबचं बटण बंदच ठेवलेलं बरं. त्यासाठी क्रॉसओव्हरमध्ये सबशिवायची दुसरी सेटिंग साठवून ठेवता येते, ज्यात मुख्य स्पीकरना त्यांचा खालचा भाग परत मिळतो.