ओपन सोर्स सिस्टिमच्या बातम्या आणि त्यांतलं खरं

जानेवारी २०२३मध्ये आयआयटी मद्रासशी जोडलेली ‘भारओएस’ ही मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टिम लोकांसमोर आली, तेव्हा अँड्रॉइडला देशी पर्याय मिळाला, असा बऱ्याच बातम्यांचा सूर होता. मात्र भारओएस उभी आहे ती अँड्रॉइडच्याच ओपन सोर्स कोडवर, आणि अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही संगणकाची सिस्टिम डेबियन या लिनक्स सिस्टिमवर आधारलेली आहे. संरक्षण मंत्रालयातल्या संगणकांसाठीची ‘माया’ उबुंटूवर, आणि उबुंटू पुन्हा डेबियनवर.

यात कमीपणाचं काही नाही. आयता कोड घेऊन त्यावर आपली सिस्टिम बांधणं ही या क्षेत्राची रीतच आहे आणि परवान्यातच ती मुभा असते. गोची होते ती ‘संपूर्ण स्वदेशी’ असं लिहून मोकळं झाल्यावर, कारण मग खरे प्रश्न विचारायचे राहून जातात. मूळ प्रकल्पात सुरक्षेची दुरुस्ती झाली की ती या सिस्टिममध्ये किती दिवसांनी पोचते? इथल्या लोकांनी नवं काय लिहिलं? बॉसमध्ये मराठीसह भारतीय भाषांसाठी झालेलं काम सांगण्याजोगं आहे, पण ‘स्वदेशी’च्या गजरात तेच ऐकू येत नाही.

दुसरा घोळ वंशावळीचा. विंडोज नाही आणि मॅकही नाही, म्हणजे लिनक्सच असणार, असं सर्रास धरलं जातं. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी यांना ‘लिनक्सचे प्रकार’ म्हणणारे लेख आजही सापडतात. लिनस टॉरवल्ड्सने १९९१मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना जे लिहिलं ते फक्त कर्नल होतं, आणि त्यात युनिक्स या जुन्या सिस्टिमचा कोड घेतलेला नव्हता. कंपायलर आणि रोजची अवजारं आली रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून. बीएसडीचं घराणं निराळं. एटी अँड टीच्या युनिक्सवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत १९७०च्या दशकापासून जे काम झालं, त्यातून ते निघालं. तिथे कर्नल आणि मूळ अवजारं एकाच छताखाली, एकत्र घडवली जातात; लिनक्समध्ये ती ठिकठिकाणहून गोळा करून डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार संच, बनते.

बीएसडी मागे पडली ती दर्जा कमी म्हणून, असंही ठोकून दिलं जातं. १९९२मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने बीएसडीच्या कोडवर हक्क सांगत दावा ठोकला, तडजोड व्हायला १९९४ उजाडलं. नेमक्या त्या दिवसांत लिनक्सने बाळसं धरलं. खटल्याचा वाटा किती यावर वाद घालता येईल, पण खटला वगळून ही कथा सांगणं हा अन्यायच. वर गंमत अशी की युनिक्सच्या रक्ताची फ्रीबीएसडी ‘युनिक्स’ हे नाव लावत नाही. हे नाव व्यापारचिन्ह आहे आणि चाचण्या पार करून शुल्क भरणाऱ्यालाच ते मिळतं. ते २०१६मध्ये मिळालं कोणाला, तर हुवावेच्या युलरओएसला, जी लिनक्सवर चालते!

सुरक्षेबद्दल तर दोन्ही टोकांचे समज आहेत. कोड सगळ्यांना दिसतो म्हणून सिस्टिम अभेद्य, असं एक म्हणतो. कोड दिसतो म्हणूनच ती धोक्याची, असं दुसरा. दोघांनीही एक्सझेडचं प्रकरण नीट वाचावं. फाइली आवळण्याचं हे छोटंसं साधन असंख्य लिनक्स सिस्टिममध्ये असतं, आणि त्याची देखभाल जवळजवळ एकट्या माणसाच्या खांद्यावर होती. ‘जिआ टॅन’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत केली, विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. रोख होता एसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या सेवेवर. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याला डेबियनच्या ‘अनस्टेबल’ या विकासाधीन आवृत्तीवर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खोदत गेला आणि बिंग फुटलं. प्रमुख डिस्ट्रोंच्या स्थिर आवृत्त्यांत ते पोचण्याआधीच.

आता याचा निवाडा कसा करायचा? हजारो डोळ्यांनी कोड तपासून हे पकडलं, असं झालेलं नाही. शिवाय चोरदरवाजा चालू करणारा एक तुकडा सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हताच, तो फक्त वाटपाच्या गाठोड्यात घातला होता. पण फ्रॉइंडला शेवटपर्यंत माग काढता आला तो कोड हाताशी होता म्हणूनच. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात यायला हव्यात. ओपनबीएसडीच्या प्रसिद्ध दाव्याचंही तसंच. दीर्घ काळात दुरून घुसता येईल अशा दोनच फटी सापडल्या, हे विधान ‘मूळ मांडणीत’ या अटीसह केलेलं आहे, आणि त्या मांडणीत बहुतेक सेवा बंदच असतात. अट गाळली की प्रामाणिक दाव्याची थाप होते. हा प्रकल्प स्वतः प्रत्येक आवृत्तीतल्या चुकांची यादी उघडपणे देतो.

पैसा आणि परवाना यांबद्दल थोडक्यात. रेड हॅट ही लिनक्सवर धंदा करणारी कंपनी आयबीएमने २०१९मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. हौशी पोरांचा फावल्या वेळचा उद्योग हे चित्र तिथेच पुसावं. लिनक्स वापरलं की आपला सगळा कोड उघड करावा लागतो, हेही खरं नाही. लिनक्सच्या जीपीएल परवान्याचं ते बंधन त्या कोडपासून बनवलेली वस्तू दुसऱ्याला दिली की लागू होतं. कंपनीने घरातल्या घरात केलेले बदल कोणी मागू शकत नाही. बीएसडीच्या परवान्यात तर एवढंही बंधन नाही, म्हणून सोनीला प्लेस्टेशन ४ची सिस्टिम फ्रीबीएसडीवर बांधून आपला कोड बंद ठेवता आला.

राहता राहिलं शिळ्या माहितीचं. ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ हे वाक्य एके काळी बरंचसं खरं होतं. २०१८मध्ये वाल्व्ह या गेम कंपनीने विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं, २०२२मध्ये लिनक्सवरच चालणारं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र बाजारात आलं, आणि विंडोजसाठी लिहिलेले कितीतरी गेम त्यावर चालू लागले. तरी फोर्टनाइटसारखे गाजलेले काही ऑनलाइन गेम त्यावर चालत नाहीत, कारण फसवणूक रोखणारी त्यांची यंत्रणा लिनक्सवर चालू द्यायला निर्माते तयार झाले नाहीत. लिनक्सच्या चाहत्यांनी लिहिलेल्या लेखांत ही ओळ हमखास गळते.