वॉल काढलेली गाडी

गाडी ॲव्हरेज देत नाही म्हणून कुणी आलं, की नांदेडच्या लातूर फाट्याजवळचा आमचा मिस्त्री बोनेट उघडत नाही. "टाकी फुल्ल करून लातूरला जाऊन या, मग बोलू," म्हणतो आणि हातातल्या कामाकडे वळतो. आमचे दाजी तीच तक्रार घेऊन गेले, त्यांना हे अजिबात आवडलं नाही. आठ सीटची इनोव्हा, २०१२ ची, डिझेल. आधी लिटरला १२-१३ द्यायची आणि आता ९ वर आली, एवढं सांगितल्यावर आणखी काय मोजायचं?

पण आपल्याकडचं मोजणं म्हणजे "दोन हजाराचं टाक" आणि पुढच्या वेळी काटा कुठे आला ते बघ. त्यावरून काही कळत नाही. मिस्त्रीची पद्धत साधी, पण चिवट. नोझल आपोआप बंद होऊन पहिला 'कट' आवाज आला, की थांबायचं. राउंड फिगरसाठी वरून थेंबभरही घालायचं नाही. परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. दाजींची मुलगी लातूरला नीटच्या तयारीसाठी राहते, त्यामुळे जाणं-येणं तसंही चालूच असतं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एका बाजूने सुमारे १४० किलोमीटर.

परत आल्यावर २७ लिटर बसलं. मीटरवर २६६ किलोमीटर. म्हणजे ९.८५. "बघा, नऊच!" दाजी जिंकल्यासारखे म्हणाले. मिस्त्री खाली वाकला आणि टायरच्या कडेवरचा नंबर वाचू लागला. कंपनीचा टायर २०५/६५ आर १५. गाडी उंच दिसावी, खड्ड्यात घासू नये म्हणून मागच्या खेपेला दाजींनी २१५/७० घातलेले. हा टायर घेराने पाच टक्क्यांहून थोडा मोठा. एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि मीटर मात्र जुन्याच हिशेबाने मोजतो. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी ताळा घातला, तर अंतर २८० भरतं. खरं ॲव्हरेज १०.४. तक्रारीचा एक हिस्सा नुसता कागदावरचा निघाला. टायर बदला असं मात्र तो म्हणाला नाही. झिजेपर्यंत वापरा आणि हिशेब करताना पाच टक्के वाढवा, एवढंच. असा मिस्त्री मिळायला नशीब लागतं.

हवेचंही तेच. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा सोडून पंक्चरवाल्याच्या अंदाजाने हवा मारायची आपली सवय. तरी हवा बरोबर केली की ॲव्हरेज दोन-तीनने वाढतं, या गप्पा आहेत. पाच-सहा पौंड हवा कमी असेल तर फरक एक-दीड टक्क्याचा. टायर झिजतो तो वेगळा. डिझेलच्या नळीवर बांधायची चुंबकं आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. मिस्त्रीच्या कपाटात गिऱ्हाइकांनी आणून दिलेल्या अशा वस्तूंचा एक डबाच आहे.

रस्त्यावरून नुकत्याच आलेल्या गाडीच्या चारही रिमांजवळ त्याने हात नेला. पुढचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं. जॅक लावून फिरवलं, तर अर्ध्या फेरीत थांबलं. कॅलिपरच्या पिना सुकल्या होत्या, त्यामुळे पॅड डिस्क सोडत नव्हता. थोडक्यात, ब्रेक किंचित दाबून गाडी लातूरला जाऊन आली होती. पिना काढल्या, पॉलिश पेपरने घासल्या, ग्रीस लावून बसवल्या.

पण खरी गोष्ट स्कॅनरवर निघाली. इंजेक्टर गेले, चौघांचा मोठा खर्च आला, अशी दाजींची मनाची तयारी होती. मिस्त्रीने चारही सिलिंडरचे दुरुस्तीचे आकडे लावले. कॉम्प्युटर प्रत्येक इंजेक्टरला किती जास्त-कमी डिझेल सोडायला लावतोय ते त्यात दिसतं, आणि तीनच्या पलीकडे कुणी गेला की संशय घ्यायचा. चौघेही आत होते. मग त्याने पाण्याचं तापमान लावलं आणि गाडी बायपासवर नेली. स्क्रीनवर ६२, ६४, पुन्हा ६२. जे इंजिन ८० च्या वर चालायला हवं, ते भर दुपारी थंडच होतं.

"वॉल कुणी काढला?" मिस्त्रीने विचारलं.

दाजी जरा थांबले. "दोन वर्षांखाली. उन्हाळ्यात लई गरम व्हायली होती. एकानं काढून टाकला, मग झाली नीट."

थर्मोस्टॅट वॉल इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की पाणी सतत फिरतं. गाडी गरम होत नाही आणि मालक खूश होतो. पण इंजिन कधी पुरतं तापतही नाही. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त डिझेल सोडतो, ऑइल घट्ट राहतं, आतलं घर्षण वाढतं. असे लिटरमागे पैसे जातात, ते कुठल्याच काट्यावर दिसत नाही.

मग गाडी मुळात गरम का होत होती? मिस्त्रीने रेडिएटरची नळी सोडली. तोंडाशी बोट फिरवून पांढरट थर दाखवला. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. बोअरचं पाणी. आपल्याकडच्या बोअरला क्षार किती असतात, ते घरातल्या बादल्या आणि नळाच्या तोट्या सांगतात. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा भागात गाडीच्या रेडिएटरसाठी शुद्ध पाणी आणि कूलंट कोण बघत बसणार? जे हाताशी असेल ते ओतायचं. क्षार बसले, रेडिएटर अर्धा बुजला, मे महिन्यात काटा वर गेला, वॉल निघाला, ॲव्हरेज गेलं. कारण एका टोकाला आणि दुखणं दुसऱ्याच टोकाला.

नवा वॉल मिस्त्रीने सरळ बसवला नाही. शेजारच्या टपरीवरचं पातेलं मागून घेतलं, दोऱ्याला वॉल बांधून पाण्यात सोडला आणि थर्मामीटर धरून उभा राहिला. चहाला आलेली चार माणसंही वाकून बघू लागली. ७० ला काही नाही. ८० च्या पुढे मधली चकती हळूच वर उचलली गेली, आणि पाणी उकळायला लागलं तेव्हा पूर्ण उघडली. "आता चालतंय," म्हणत त्याने तो फडक्यात गुंडाळला. रेडिएटर काढून धुतला आणि कूलंट भरलं. बोअरचं पाणी पुन्हा घातलं तर माझ्याकडे येऊ नका, असा दमही दिला.

तेवढ्यात पेट्रोल अर्टिगावाला एक जण तीच तक्रार घेऊन आला. त्याचं कारण वेगळं असू शकतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६-७ टक्क्यांनी घटेल, असं निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. ते कुठल्याही पान्याने परत येत नाही. लातूरचा ऊस आधी मांजरेचं पाणी पितो, मग टाकीत उतरून ॲव्हरेज पितो, असं तो माणूस म्हणाला. अर्धं खरं आहे.

दाजींची गाडी पुन्हा टाकी ते टाकी मोजली. ८० च्या वेगाने २३ लिटर, म्हणजे १२ च्या थोडं वर. एका फेरीत ४ लिटर वाचलं. दाजी समाधानी. गाडी चालवणारा भाचा मात्र नव्हता. लातूरचा रस्ता ज्यात येतो त्या तुळजापूर-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण झाल्यापासून ८० ने जाणं त्याला कमीपणाचं वाटतं. रस्ता सुधारला आणि ॲव्हरेज बिघडलं, असं मिस्त्री म्हणतो ते याच पोरांमुळे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० चे ११० केले की जवळपास दुप्पट. पुढच्या खेपेला भाच्याने १०० ने चालवली. साडेपंचवीस लिटर बसलं, ॲव्हरेज ११.

"पण एका बाजूला वीस मिनिटं वाचली," भाचा म्हणाला.

दाजींनी तिथेच हिशेब केला. वीस मिनिटांचे शंभराच्या वर रुपये. मुलीची टेस्ट असेल तर जाताना शंभर चालेल, येताना ऐंशीच, असा तोडगा निघाला. भाच्याने मान डोलावली. येताना गाडीत दाजी असतील तरच तो पाळला जाईल, हे दोघांनाही ठाऊक आहे.