छायेचा अर्थ : जन्मजात फुप्फुसविकृतींचे छेदचित्रण

घाटकोपरच्या वस्त्यांत क्ष-किरण चित्रास ‘छातीचा फोटो’ म्हणतात, आणि त्या फोटोत पांढुरकी छाया आढळली, की ‘फुप्फुसावर डाग आहे’ असे सांगितले जाते. ‘डाग’ हा शब्द भाषाभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. तो वस्त्रावर पडतो, तसाच कुळावरही पडतो. आणि फुप्फुसावर पडला म्हणजे घरात पुढचा शब्द हलक्या आवाजात उच्चारला जातो, तो क्षयाचा. असल्फ्याच्या डोंगरउतारावरील दाट वस्तीत खोकणाऱ्या माणसाविषयी प्रथम क्षयाचीच शंका यावी, हे योग्य होय. ती न घेणे हा मोठा प्रमाद ठरेल. परंतु थोड्या रुग्णांत ही छाया रोगजंतूंची नसून जन्मतःच वेगळ्या घडलेल्या फुप्फुसाची असते. अशा मुलास निदान सहा महिने क्षयाची औषधे दिली जाण्याचा संभव असतो. त्याची ताटवाटी वेगळी ठेवली जाते, आणि डाग मात्र होता तेथेच राहतो.

एकाच चिन्हाला अनेक अर्थ असावेत आणि ऐकणाऱ्याने त्यांतील परिचित तेवढाच घ्यावा, हा प्रकार भाषेत नित्याचा आहे. ‘नाव’ या शब्दाने होडी समजावी की संज्ञा, हे तो शब्द कितीही निरखला तरी कळत नाही. वाक्य पाहावे लागते. साध्या क्ष-किरण चित्रात नेमके हे वाक्यच हरवलेले असते. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या आणि फुप्फुस यांच्या छाया एकाच पृष्ठावर एकमेकींवर पडतात. कोणती वाहिनी कोठून निघाली व कोठे मिळाली, हा संबंध पुसला जातो.

सीटी स्कॅन, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने केलेले छेदचित्रण, हा संबंध परत मिळवून देते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्लीज रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाचे पहिले छेदचित्र घेतले गेले. १९७९ साली ॲलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराभोवती फिरणाऱ्या नळीतून निरनिराळ्या दिशांनी किरण सोडावयाचे, ते किती शोषले गेले हे मोजावयाचे, आणि त्या मापनांवरून प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढावयाची, हे त्याचे तत्त्व. हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या मापनात पाणी ० व हवा उणे १००० धरतात. आजच्या यंत्रांवर सुमारे एक मिलिमीटर जाडीचे छेद काही सेकंदांत मिळतात. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडला, की रक्तवाहिन्या उजळतात आणि छेदामागून छेद पाहत त्यांचा मार्ग धरता येतो.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे इंग्रजीत ज्यास ‘सिक्वेस्ट्रेशन’ म्हणतात ती विकृती. डी. एम. प्राइस यांनी १९४६ साली ही संज्ञा रूढ केली. मूळ लॅटिन शब्द वादातील मालमत्ता त्रयस्थाच्या हवाली करण्याचा. आपल्या ‘जप्ती’च्या जवळचा. येथे फुप्फुसाचा एक भाग उरलेल्या श्वासमार्गापासून तुटलेला असतो, आणि त्याला रक्त फुप्फुस धमनीतून न येता थेट महाधमनीच्या शाखेतून येते. ही शाखा कधी छातीत, तर कधी मध्यपटलाच्या खाली उदरात उगम पावते. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत हा भाग सामान्य फुप्फुसाच्या आवरणातच असतो. उरलेल्यांत त्यास स्वतंत्र आवरण असते. तो बहुधा खालच्या खंडात, विशेषतः डाव्या बाजूस आढळतो, आणि त्यात पुनःपुन्हा जंतुसंसर्ग होतो. म्हणूनच त्याच जागी वारंवार होणारा न्यूमोनिया ही महत्त्वाची खूण आहे. प्रौढांतील क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. थुंकीत जंतू न सापडणे हा मात्र एकटा पुरावा पुरेसा नव्हे, कारण लहान मुलांच्या क्षयातही ते पुष्कळदा सापडत नाहीत.

निदानाचा निर्णय त्या एका धमनीवर होतो. आडव्या छेदात ती एखाद्या टिंबाएवढी असते. ते टिंब खाली-वर अनुसरत महाधमनीपर्यंत पोचले, की छायेचा अर्थ ठरला. हा केवळ शास्त्रीय कुतूहलाचा प्रश्न नाही. धमनीचा पत्ता नसताना शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हातून ती कापली गेली, तर महाधमनीच्या दाबाचे रक्त उसळते आणि कापलेले टोक आकसून मध्यपटलाखाली जाऊ शकते. अशा प्राणघातक रक्तस्रावाच्या नोंदी वैद्यकात आहेत.

दुसरे उदाहरण नामकरणाच्या दृष्टीने अधिक मौजेचे आहे. उजव्या फुप्फुसाची नीला डाव्या अलिंदात न जाता खाली अधोमहानीलेस मिळते आणि फोटोत हृदयाच्या कडेने वक्र रेषा दिसते. तिला ‘सिमिटार’ हे नाव पडले. या शब्दाचा संबंध अनेक कोशकार फारसी ‘शमशीर’शी, म्हणजे आपल्या ‘समशेरी’शी जोडतात. पण हुबेहूब अशीच वक्र नीला काही जणांत वळसे घेत अखेर डाव्या अलिंदातच जाते, आणि तिला उपचाराची गरज नसते. समशेर दोन्हीकडे आहे. फरक ती कोठे मिळते यात आहे. चिन्हाचे मूल्य त्याच्या रूपात नसून व्यवस्थेतील संबंधांत असते, या सोस्यूरच्या सिद्धान्ताला याहून चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकास आढळलेले नाही.

रूपावरून ठेवलेली नावे टिकत नाहीत, हेही दिसून येते. गळूसारख्या पोकळ्यांच्या एका विकृतीचे वर्णन १९४९ साली झाले. १९७७ साली स्टॉकर यांनी तिचे तीन प्रकार पाडले, पुढे ते पाच झाले. सर्व प्रकारांत पोकळ्या नसतात आणि ग्रंथिसदृश रचना तर एकाच प्रकारात असते, असे लक्षात आल्यावर जुने लांबलचक नाव मोडून ‘जन्मजात फुप्फुस-श्वासमार्ग विकृती’ अशा अर्थाचे नाव स्वीकारले गेले. येथे छेदचित्राची मर्यादाही मान्य केली पाहिजे : या विकृतीचा चौथा प्रकार आणि बालकांतील फुप्फुसाचा एक दुर्मिळ कर्करोग यांत केवळ चित्रावरून भेद करता येत नाही, ऊतक तपासावेच लागते.

अभावाचे वाचन हा आणखी वेगळा विषय. एक बाजू पूर्ण पांढरी दिसली, तर फुप्फुस आक्रसले आहे की मुळात घडलेच नाही? आक्रसलेल्यात श्वसनी असते, निदान अडथळ्यापर्यंत. न घडलेल्यात श्वसनी आणि धमनी दोन्ही नसतात. पाणिनीय परंपरेत ‘लोप’ म्हणजे जे असावयास हवे त्याचे न दिसणे; वैद्यास मात्र ते लोपले की झालेच नाही, हेही ठरवावे लागते.

छेदचित्रात साध्या फोटोच्या कैक पटींनी किरण लागतात, म्हणून प्रत्येक खोकल्यासाठी, विशेषतः मुलांत, ते काढू नये. आधी फोटो, थुंकीची तपासणी, तान्ह्या बाळांत ध्वनिलहरींचे चित्रण. आणि उपचारानंतरही छाया त्याच जागी राहिली, तर छेदचित्र, हा क्रम उचित होय.

निदानाचा अहवाल इंग्रजीत येतो. राजावाडी रुग्णालयाच्या बाहेर उभ्या असलेल्या आईला त्यातील लॅटिन शब्दाऐवजी पुन्हा ‘डाग’च ऐकू आला, तर ताटवाटी वेगळीच राहील. ‘विलग फुप्फुसखंड’ ही संज्ञा पाठ्यपुस्तकास शोभेल. तिला मात्र एवढेच सांगावे, की बाळाच्या फुप्फुसाचा एक तुकडा जन्मापासून वेगळा आहे, त्याला रक्त दुसरीकडून येते, आणि तो कोणाला लागत नाही.