दोन तारांचा करार

कॅमेऱ्याला फ्लॅशगनशी बोलायचे असते ते एकाच गोष्टीबद्दल : उडायचे कधी. प्रकाश किती टाकायचा, कोणत्या बाजूने टाकायचा, छत्रीतून टाकायचा की भिंतीवरून परतवायचा, हे सगळे छायाचित्रकार ठरवू शकतो. पण शटर नेमके कोणत्या क्षणी पूर्ण उघडले, हे कॅमेऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. एसएलआर कॅमेऱ्यात शटरचा पहिला पडदा पूर्ण सरकल्यावर आणि दुसरा निघण्याआधी काही मिलिसेकंद, कधी त्याहूनही कमी, मोकळे मिळतात. तेवढ्यात साधारण 1/1000 सेकंद टिकणारा झोत पडून गेला पाहिजे. चुकामूक झाली की फोटोचा एक पट्टा काळा.

हा निरोप पोचवायला दोन तारा पुरतात. कॅमेऱ्यात एक संपर्क जुळतो, मंडल पूर्ण होते, फ्लॅश उडतो. असे असूनही बाजारात आलेल्या कितीतरी चांगल्या फ्लॅशगनना या दोन तारा बाहेरून जोडायला जागाच ठेवलेली नसते. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर हाती घेतो, फ्लॅशचे कवच उघडतो, बाजूला एक भोक पाडतो आणि हेडफोनला असतो तसला साडेतीन मिलिमीटरचा जॅक बसवतो. बघणाऱ्याला तो जुगाड वाटतो. पण ज्या सोयीवर कधीकाळी सगळ्या उद्योगाचे एकमत झाले होते, ती काढून घेतल्यावर ग्राहकाने स्वतःच्या हाताने परत मिळवणे, असा त्याचा खरा अर्थ आहे.

भुकटी, बल्ब, झेनॉन

1887 मध्ये जर्मनीत अ‍ॅडॉल्फ मीथं आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत ऑक्सिजन पुरवणारे क्षार मिसळून झटक्यात पेटणारी पूड तयार केली. त्या काळी जुळवाजुळवीचा प्रश्न फारसा नव्हता. कॅमेरा तिकाटण्यावर, शटर उघडे, पुडीचा भडका, मग शटर बंद. धूर आणि भाजण्याची धास्ती एवढाच काय तो ताप. 1929-30 च्या सुमारास जर्मनीत आणि अमेरिकेत काचेतला फ्लॅशबल्ब आला. आतली धातूची चुरगळ वीज मिळताच जळे आणि बल्ब एकदा वापरला की संपे. हा बल्ब पेटायला वेळ घेई. वीज मिळाल्यापासून तो सर्वात तेजस्वी व्हायला मध्यम जातीच्या बल्बला सुमारे 20 मिलिसेकंद लागत. म्हणून शटर उघडण्याच्या थोडे आधीच त्याला वीज द्यावी लागे. जुन्या कॅमेऱ्यांवर दिसणारी ‘एम’ ही खूण त्याच आगाऊ निरोपाची.

त्याच सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन फिरत्या यंत्रांचा अभ्यास करण्यासाठी वायू भरलेल्या नळीतून विजेचा लोट सोडत होते. त्यातून आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडला. झेनॉनची नळी निरोप मिळताक्षणी उजळते, तिला आगाऊ सूचना नको. तिच्यासाठी कॅमेऱ्यावर ‘एक्स’ ही दुसरी खूण आली. जुन्या कॅमेऱ्यावर खटका चुकून ‘एम’वर राहिला आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लावला, तर शटर उघडायच्या आतच प्रकाश विझलेला असतो.

करार कसा झाला

निरोप ठरला, पण तो न्यायचा कोणत्या खोबणीतून? दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन शटरांवरची एक छोटी गोल खोबण जगभर रूढ झाली. कालम्बाखच्या आल्फ्रेड गाउथियर यांचे प्रोंटोर आणि म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल यांचे कोम्पुर, अशा दोन प्रतिस्पर्धी शटरांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘पीसी’ म्हणतात. मधोमध एक टोक, भोवती एक कडे, बस्स. दुसरी वाट डोक्यावरची. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या युनिव्हर्सल कॅमेरा कॉर्पोरेशनने ‘मर्क्युरी’ कॅमेऱ्यावर विजेचा संपर्क असलेली खाच दिली, तीच आजच्या हॉट शूची पूर्वज. पुढे दोन्ही वाटा आंतरराष्ट्रीय मानकांत बसल्या : हॉट शूला आयएसओ 518, पीसी जोडणीला आयएसओ 519. हॉट शूच्या मध्यभागी एक ठिपका आणि कडेच्या पट्ट्या एवढीच दोन टोके. कोणाचाही फ्लॅश, कोणाचाही कॅमेरा.

या करारात पीसी जोडणी ही तशी दुबळी बाजू. ती नुसत्या घर्षणावर टिकते, चार वेळा काढली-घातली की सैल पडते आणि ऐन वेळी निसटते. निकॉनने तिला फिरकीचे आटे देऊन पाहिले. बदल करणारे लोक पीसी सोडून साडेतीन मिलिमीटरचा जॅक निवडतात तो यामुळेच. तो घट्ट बसतो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दहावीस रुपयांना मिळतो.

जादा पिना आणि हरवलेला ठिपका

कॅमेरे हुशार होत गेले तसे मधल्या ठिपक्याभोवती आणखी ठिपके उगवले. भिंगातून आलेला प्रकाश मोजून फ्लॅश वेळीच थांबवण्यासाठी कॅमेऱ्याला जास्त बोलावे लागते, ते या पिनांतून. प्रत्येक कंपनीची पिनांची मांडणी वेगळी आणि भाषा गुप्त. यात गैर काही नव्हते, कारण मूळ दोन टोके शाबूत होती. खटकते ती पुढची गोष्ट. बाहेरून तार जोडायची खोबण हळूहळू महागड्या मॉडेलांची चैन झाली. निकॉनच्या एसबी-800 ला ती होती, त्याच्या धाकट्या एसबी-600 ला नव्हती. कॅननने ती 2007 च्या 580ईएक्स-2 वर दिली, 430ईएक्सला मात्र दिली नाही. मिनोल्टाने तर 1988 मध्ये खाचेचा आकारच बदलला. तो वारसा सोनीकडे गेला आणि 2012 मध्ये सोनीने नवी खाच आणेपर्यंत या कॅमेऱ्यांचे मालक अडॅप्टर शोधत राहिले.

मग 2018 पासून कॅननने स्वस्त कॅमेऱ्यांतून मधला ठिपकाच काढून टाकला. भारतात 1500डी, 3000डी आणि 200डी-2 या नावांनी विकल्या गेलेल्या या मॉडेलांवर कॅननचा फ्लॅश किंवा कॅननची भाषा बोलणारा ट्रिगर (कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसून दूरच्या फ्लॅशला निरोप देणारे उपकरण) चालतो, पण नुसत्या एका ठिपक्यावर चालणारा साधा ट्रिगर चालत नाही. हे कॅमेरे घेणारा मुख्यतः शिकाऊ, म्हणजे ज्याला स्वस्तातल्या जुन्या फ्लॅशची सर्वात जास्त गरज तोच.

फ्लॅश डोक्यावरून खाली का उतरवायचा

कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश समोरून सपाट प्रकाश टाकतो. नाकाची सावली जाते, चेहऱ्याची गोलाई जाते, मागे भिंतीवर काळी कड उमटते. तोच फ्लॅश हातभर बाजूला नेला की चेहऱ्याला उठाव येतो. आपल्याकडच्या लग्नांत ही गोष्ट फोटोग्राफरना फार पूर्वीपासून माहीत होती. मंडपात दुसरा फ्लॅश काठीला बांधून मदतनीस नवरानवरीच्या मागे उभा राहायचा. तो फ्लॅश उडायचा स्लेव्हवर, म्हणजे मुख्य फ्लॅशचा प्रकाश पाहून. पण अक्षता पडताना नवरीच्या मामाचा, व्हिडिओवाल्याचा, आणखी कोणाचा फ्लॅश उडाला की स्लेव्हही उडायचा. आणि आपला फोटो घ्यायच्या क्षणी तो पुन्हा भरत असायचा. तार लावली तर असे होत नाही. ती फक्त आपल्या कॅमेऱ्याचेच ऐकते.

2006 पासून अमेरिकेतले वृत्तपत्र-छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी छोटे, जुने, हाताने ताकद ठरवायचे फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून वापरण्याचे शिक्षण मोठ्या प्रमाणावर दिले. त्यानंतर निकॉनच्या एसबी-24, एसबी-26, एसबी-28 अशा पीसी जोडणी असलेल्या जुन्या फ्लॅशना मागणी आली. ज्यांच्याकडे जोडणी नसलेले फ्लॅश होते ते हातात सोल्डरिंगची कांडी घेऊन बसले. 2009 च्या सुमारास आलेल्या ‘लुमोप्रो एलपी120’ या साध्या फ्लॅशला कारखान्यातूनच साडेतीन मिलिमीटरचा जॅक होता. घरी बसून केलेला बदल कंपनीच्या मालात उतरला.

कवचाच्या आत

आत जाण्याआधी एक हिशेब करावा. फ्लॅशमधला मुख्य कपॅसिटर सुमारे 330 व्होल्टपर्यंत भरतो. तो 1000 मायक्रोफॅरडचा धरला तर त्यात साठलेली ऊर्जा साधारण 54 ज्यूल. हृदयाचा ठोका ताळ्यावर आणणाऱ्या डिफिब्रिलेटरचा झटका 150-200 ज्यूलच्या घरात असतो, त्याच्या जवळपास एक तृतीयांश. बॅटऱ्या काढल्या म्हणून ही ऊर्जा जात नाही, ती कित्येक तास टिकू शकते. म्हणून फ्लॅश एकदा उडवून लगेच बंद करावा, बॅटऱ्या काढून काही तास तसाच ठेवावा, आणि उघडल्यावर पहिले काम म्हणजे कपॅसिटरच्या दोन टोकांना दहा किलोओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावणे. दहा सेकंदांत दाब एक तृतीयांशाच्या आसपास येतो, मिनिटभरात जवळजवळ शून्य. मग मीटर लावून खात्री करायची. स्क्रू ड्रायव्हरने दोन टोके जुळवून ठिणगी काढणारे मेकॅनिक दिसतात. त्यात टोके जळतात, कपॅसिटर बिघडतो, आणि हात सरकला तर त्याहून वाईट. ज्याने उच्च दाबाच्या मंडलावर कधी काम केलेले नाही त्याने हे शिकायला पहिला फ्लॅश निवडू नये, जाणकाराच्या शेजारी बसावे.

प्रत्यक्ष बदल याच्या मानाने सोपा आहे. फ्लॅशच्या पायाचे स्क्रू काढले की मधल्या ठिपक्याकडे जाणारी एक तार आणि कडेच्या पट्टीची म्हणजे ग्राउंडची दुसरी तार सापडते. मल्टिमीटरने दोन्हींची ओळख पटवायची. आत रिकामी जागा पाहून कवचाला सहा मिलिमीटरचे भोक पाडायचे. जॅकचे टोक ठिपक्याच्या तारेला, बाहेरचे कडे ग्राउंडला. तारा कापायच्या नाहीत, समांतर जोडायच्या, म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावरही पूर्वीसारखा चालतो. मोनो जॅक घ्यावा. सोल्डरवर हीट-श्रिंक नळी चढवावी, आणि उच्च दाबाच्या तारांपासून आपली तार लांब बांधावी.

नंतर दोन गोष्टी नेहमी आड येतात. बदल केलेला फ्लॅश धातूच्या क्लॅम्पमध्ये बसवला की त्याच्या पायाचा ठिपका धातूला टेकतो आणि निरोपाची दोन टोके तिथेच जुळतात. फ्लॅश एकदा उडतो, मग गप्प. पायाखाली इन्सुलेशन टेपची पट्टी लावली की हे टळते. दुसरी गोष्ट झोपेची. बरेच स्वयंचलित फ्लॅश काही मिनिटांनी आपोआप बंद पडतात आणि नुसत्या दोन तारांनी जागे होत नाहीत. ती सोय मेनूतून बंद करून, ताकद हाताने ठरवून फ्लॅश चालवावा लागतो.

तारेवरचा दाब

जॅक बसवणारे बरेच जण इथेच थांबतात, आणि धोका तर इथूनच सुरू होतो. जुन्या फ्लॅशमध्ये ट्रिगरचा छोटा कपॅसिटर दोनशे-तीनशे व्होल्टवर भरलेला असतो. कॅमेऱ्याचा संपर्क जुळला की तो ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीतून रिकामा होतो, दुसऱ्या गुंडाळीत काही हजार व्होल्टचा क्षणिक झटका उठतो आणि नळीतला झेनॉन वाहक बनतो. म्हणजे तो सगळा दाब थेट कॅमेऱ्याच्या संपर्कावर येतो. जुन्या कॅमेऱ्यांत तिथे पितळी पात्या होत्या, त्यांना काही वाटत नसे. आजच्या कॅमेऱ्यात तिथे इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. आयएसओ 10330 या मानकात 24 व्होल्टची मर्यादा आहे. निकॉनच्या पुस्तिका 250 व्होल्टपर्यंत चालेल असे सांगतात, तर इतर काही कॅमेऱ्यांसाठी अवघ्या 6 व्होल्टची मर्यादा सांगितली गेली आहे.

1970 च्या दशकात आलेला आणि जगभर खपलेला व्हिव्हिटार 283 हे याचे नामांकित उदाहरण. जपानमध्ये बनलेल्या जुन्या प्रतींच्या तारेवर 200 व्होल्टहून जास्त दाब आढळतो, नंतरच्या अनेक प्रतींवर दहाच्या आत. नाव एकच, रूप एकच. त्यामुळे मोजण्याला पर्याय नाही. फ्लॅश पूर्ण भरू द्यावा आणि डिजिटल मल्टिमीटरने ठिपका व ग्राउंड यांच्यातला डीसी दाब पाहावा. आत एक मेगओहमचा रेझिस्टर असेल तर दहा मेगओहमचा मीटर 300 च्या जागी 273 दाखवेल. जुना काट्याचा मीटर याहून पुष्कळ कमी दाखवून फसवतो. मध्ये धन आणि कडेला ऋण आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. आकडा जास्त आला तर जॅक आणि मंडल यांच्यामध्ये दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा, योग्य क्षमतेचा इलेक्ट्रॉनिक स्विच (ऑप्टोकपलर किंवा एससीआर) टाकता येतो. मग फ्लॅश आतल्या आत 300 व्होल्ट सांभाळतो आणि कॅमेऱ्याच्या बाजूला तीन-चार व्होल्टच उरतात.

रेडिओच्या काळात

आज गोडॉक्ससारख्या चिनी कंपन्यांचे फ्लॅश 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओवर बोलतात आणि तार कशाला हवी असे वाटते. पण त्याच कंपनीच्या स्वस्त टीटी600 ला अडीच मिलिमीटरचा सिंक जॅक आहे. रेडिओचे मॉड्यूल एका कंपनीचे आणि फ्लॅश दुसऱ्या कंपनीचा असेल तेव्हा शेवटी हीच दोन टोके कामी येतात.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने आधी घेतली. कॅमेरा आणि फ्लॅश त्यात नाहीत, पण फ्लॅशबाबत मागणी अगदी छोटी आहे. प्रत्येक कॅमेऱ्यावर मधला ठिपका, प्रत्येक फ्लॅशवर दोन तारांची खोबण, आणि फ्लॅशच्या तळाशी अनुक्रमांकाशेजारी छापलेला एक आकडा : ट्रिगरचा दाब किती व्होल्ट. पहिल्या दोन गोष्टींना लागणारा सुटा भाग दहावीस रुपयांचा आहे. तिसरीला फक्त थोडी शाई लागते, आणि ती छापली तर सेकंडहँड फ्लॅश घेणाऱ्या कोणालाही आपला कॅमेरा पणाला लावून तो आकडा शोधावा लागणार नाही.